दुमडलेली बाही
कुणी दंडावर बाही दुमडली, की हिंगोलीतली आमची रक्ततपासणीची खोली आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. औंढ्याकडच्या तांड्यावरची एक बाळंतीण रक्त जाऊन पांढरीफटक पडली होती. गट ओ निघाला, पण फ्रिजमधल्या एकाही ओ पिशवीशी तिचं रक्त जुळेना. नळीत दरवेळी लाल गुठळ्या. तिचा भाऊ सकाळपासून बाही दुमडून दारात उभा. "साहेब, माझं बगा की, सख्खा भाऊ हाय मी." त्याचाही गट ओच आला, तसा मी वैतागलो. "अरे, ओ तर एकबी जुळून नाही राहिलं, तुझं काय वेगळं?" त्याचं रक्त जुळवून न बघताच मी तिचा नमुना परभणीला धाडला. नमुना घेऊन गेलेला माणूस परत येईतो ती गेली. बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांना हे बोललो, तर त्यांनी भावाचं रक्त मुंबईला डीएनए तपासणीसाठी पाठवलं. वरून ओ दिसणारं, पण फार क्वचित सापडणारं रक्त निघालं. बहिणीचंही तेच असणार, डॉक्टर म्हणाले. अशांना फक्त अशांचंच चालतं. हे सांगायला मी स्वतः तांड्यावर गेलो. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मी तर तितंच उभा व्हतो, साहेब."