रेंज एकशे साठ, अंतर एकशे पंचवीस

डोळ्यांची तपासणी हे काही सहलीला निघायचं कारण नव्हे, हे मलाही कळतं. पण गेवराईत शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस सापडले, तर ती कारण शोधत बसत नाही. आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अंबाजोगाईला झालं होतं, कारण माझी मावशी तिथेच राहते. आता शेवटची तपासणी उरली होती. डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस बाहेरगावी जाणार होते आणि त्या दिवशी दुपारी दोनपर्यंतच बसणार होते. मी म्हटलं, चला, गाडीनेच जाऊ, वाटेत कपिलधारचा धबधबाही बघू, आणि ब्लॉगला एक लेखही होईल.

आप्पा म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, आता सत्तरीचे. ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझी गाडी आमच्याच फाटकावर घातली होती. फाटक वाचलं, गाडीचा दिवा गेला. तेव्हापासून गाडीची किल्ली माझ्याकडे. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, पण रोज सकाळी गाडी पुसायला जायचे आणि पुसून झाल्यावर बराच वेळ बॉनेटला टेकून उभे राहायचे. मला ते बघवायचं नाही आणि किल्ली द्यायचं धाडसही व्हायचं नाही.

निघायच्या आदल्या रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "डॉक्टर हो म्हणला, तर येताना गाडी मी चालवणार. न्हाई म्हणला, तर पुन्यांदा नाव काढणार न्हाई."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं, तर डॉक्टरांनी नाही म्हणावं असं मला मनातून वाटत होतं. कुणीतरी दुसऱ्यानं वाईटपणा घ्यावा आणि आपण सुटावं, एवढाच विचार.

सकाळी साडेआठला निघालो. आईनं डिकीत मावशीसाठी बाजरीचं पोतं, मोसंबीची टोपली आणि लोणच्याच्या दोन बरण्या अशा काही बसवल्या की मागचं चाक मान खाली घालून उभं राहिलं. मी गाडी सुरू केली. समोरच्या पडद्यावर, उरलेल्या पेट्रोलवर गाडी किती जाईल त्याचा आकडा उमटला: रेंज १६० किलोमीटर. गेवराई ते अंबाजोगाई साधारण एकशे पंचवीस. गणिताची बाई खूश.

"पेट्रोल भर," आप्पा म्हणाले.

"आप्पा, एकशे साठ दाखवतंय. पस्तीस शिल्लक राहतात."

"त्ये तुला कालचं सांगतंय. काल तू संभाजीनगरला एकटी गेलती, सरळ रस्त्यानं. आज बाजरी हाय, तुझी आई हाय, एसी हाय, अन् पुढं घाट हाय. त्याला काय ठावं?"

"माझं वजन कावून काढताय सकाळी सकाळी?" आई मागून म्हणाली.

आप्पांच्या डेपोत ड्रायव्हरची किंमत एकाच गोष्टीवर ठरायची, असं ते सांगतात: दहा लिटरला गाडी किती किलोमीटर काढली. फळ्यावर नावं लागायची आणि आप्पांचं नाव बहुतेक वेळा वरच्या तिघांत. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण माणूस अजून दहा लिटरच्या भाषेतच बोलतो. लग्नात जेवण कसं होतं विचारलं, तरी आधी येण्या-जाण्याला किती लागलं ते सांगेल.

गेवराई ते बीड रस्ता चौपदरी, एक नंबर. टोल सोडला तर कुठे थांबायचं कारण नाही, आणि मी थांबलेही नाही. नव्वदच्या खाली काटा आला नाही. आप्पा दर ट्रकला ओव्हरटेक केल्यावर खिडकीकडे बघून हळूच म्हणायचे, "गेलं. पावशेर गेलं." बीडला बायपासच्या अलीकडे नाश्ता केला: पोहे, भजी आणि चहा, तिघांचे मिळून दीडशेच्या आत. पंप हॉटेलच्या समोरच होता. आप्पांनी पंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पडद्यावर एकशे आठ होते, जायचे होते नव्वद. मी तशीच गाडी पुढे काढली. ह्याला इंधनाचा अंदाज म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात.

मांजरसुंब्याचा घाट तसा छोटा. पण ज्या गाडीत बाजरीचं पोतं आहे तिला विचारा. चढताना आकडा असा घसरला की वर्गात परीक्षेचे मार्क वाचतेय असं वाटलं: ९८, ९१, ८३. वर चहाला थांबलो. शेजारच्या बाकड्यावर दोन मोटारसायकलवाले बोलत होते.

"रिझर्व्हला आली बे."

"हलवून बग की. वाजतंय का?"

पहिल्यानं खरंच गाडी डावी-उजवीकडे हलवली, टाकीला कान लावला आणि समाधानानं म्हणाला, "हाय. लई हाय. जातंय नेकनूरपर्यंत."

"ही बग खरी रेंज," आप्पा म्हणाले. मला हसू आलं, पण मी चहात लपवलं.

कपिलधार मुख्य रस्त्यापासून थोडं आत आहे, जाऊन-येऊन दहा किलोमीटर धरा. पायऱ्या उतरून गेलं की धबधबा समोर. दिवाळीच्या सुमाराला पाणी कमी होत आलेलं असतं, तरी त्या दिवशी चांगली धार होती. तिथे एका संताची समाधी आहे, तिचं दर्शन घेतलं. आई पायऱ्यांवर बसून राहिली, आप्पा मात्र खालपर्यंत आले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "सुमे, समदं दिसतंय गं. थेंब न् थेंब दिसतोय." ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःहून डोळ्यांबद्दल काही म्हटल्याची ती पहिलीच वेळ. परत येताना रस्त्यावर बायका सीताफळं घेऊन बसल्या होत्या. घासाघीस करून शंभरात मोठी टोपली मिळाली. डिकीत जागा नव्हती, ती आईच्या मांडीवर गेली.

इथेच आमचा वेळ गेला. केजला पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता, आणि गाव दिसायला लागलं तसा पडद्यावरचा आकडा गायब होऊन तिथे तीन आडव्या रेघा आल्या. शून्यसुद्धा नाही. नुसत्या रेघा. पेट्रोलचा दिवा तर नेकनूरपासूनच पेटलेला. पुढे चोवीस किलोमीटर, आणि हातात पाऊण तास.

पंपावर वळले तर एकच मशीन चालू आणि पुढे ट्रॅक्टर, मोटारसायकली, कॅनवाले, अशी वीस-पंचवीस जणांची रांग.

"आप्पा, काय करू?"

आप्पांनी डोळे मिटले. त्यांना हिशेब करताना असं बघितलंय मी, लहानपणापासून. "टाकी फुल कवा केलती? त्या इतवारी. तवापासून चारशे तीस किलोमीटर झाल्यात, मी आकडा बगितलाय. दहाला दीडशे धर. अठ्ठावीस-एकोणतीस लिटर गेलं. टाकी पस्तीसची, पुस्तकात लिवलंय. सहा लिटर खाली हाय. त्या रेघा भ्यायला लावायला काढत्यात, शून्याच्या खाली बी पेट्रोल आसतंय. चल तू."

"नक्की?"

"अंबाजोगाईला गेल्यावर भर. तीस लिटर बसंल. एकतीस झालं तर माझं नाव बदल."

रांग बघितली, घड्याळ बघितलं आणि निघाले. एसी बंद, पन्नासचा वेग, पाय फुलासारखा. चंदनसावरगाव मागे पडलं. आईनं मांडीवरची सीताफळाची टोपली अशी धरली होती की तिचं वजन गाडीवर पडू नये. आप्पा तेवढे निवांत, उसाचे फड मोजल्यासारखे बाहेर बघत होते.

दोनला दहा कमी असताना आम्ही डॉक्टरांच्या दारात.

तपासणीला वीस मिनिटं लागली. आप्पांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली आणि खालची बारीक, छापखान्याची असावी तशी ओळही वाचून दाखवली. डॉक्टर हसले. "काका, नजर एकदम छान आहे. दिवसा गाडी चालवा, खुशाल. रात्रीचं मात्र थोडं टाळा."

आप्पा बाहेर आले ते छाती पुढे काढून. हात पुढे केला. मी किल्ली दिली. शब्द दिला होता, पण गाडीत बसल्यावर पट्टा मी दोनदा ओढून बघितला.

पहिली स्वारी अर्थात पंपावर. हॉस्पिटलपासून एक किलोमीटर, तेवढं आप्पांनी चालवलं. गिअर बदलल्याचं कळलंसुद्धा नाही. पंपावर स्वतः उतरले, कंबरेवर हात ठेवून मशीनसमोर उभे राहिले. "फुल कर."

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. एकतीस. बत्तीस. आप्पांचे हात कंबरेवरून खाली आले. चौतीस. पस्तीस. नोजल खटकन बंद पडलं तेव्हा आकडा होता छत्तीस पूर्णांक चार.

"अहो, पस्तीसची टाकी आहे!" मी पंपवाल्यावर तुटून पडले. "छत्तीस बसतंच कसं? मशीन तपासा तुमचं!"

बाजूच्या गॅरेजचे नजीरभाई हवेची नळी गुंडाळत होते, ते पुढे आले. "ताई, त्याला कावून बोलताय? रोज येक तरी गिऱ्हाईक हेच भांडण करतंय. पुस्तकातला आकडा कंपनीची हद्द हाय. टाकीत वर हवेला जागा सोडत्यात, गर्मीत पेट्रोल फुगतंय ना. अन् टाकीची मान येगळी. पस्तीसच्या टाकीत सदतीस बी जातंय." मग वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाले, "पन येक सांगू? छत्तीस बसलं म्हंजी आत काय व्हतं? अर्धा लिटर. तुमी नशिबानं आलाव."

अर्धा लिटर. म्हणजे सात-आठ किलोमीटरची बेगमी. पंपवाल्याची मी माफी मागितली.

आप्पा गाडीला टेकून उभे होते, फाटकावर गाडी घातल्यानंतर उभे राहायचे तसेच. मग माझ्याजवळ आले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मी चुकलो."

"आप्पा, असू दे..."

"आसू दे न्हाई. दहाला दीडशे मी माझ्या पायाचं धरलं. गाडी तू चालवत व्हती. बाजरी धरली न्हाई, कपिलधारचा फेरा धरला न्हाई. वाटंत बंद पडली आसती, डॉक्टर गेला आसता, तुझी आई उनात बसली आसती. ज्याला हिशेब जमत न्हाई, त्यानं गाडी चालवू न्हाई. तू चालव."

संध्याकाळी मावशीनं पुरणपोळ्या केल्या. योगेश्वरीच्या देवळात गेलो, बाहेर कोकणातून आलेल्या कुटुंबाची बस लागली होती, लेकरं दमून झोपली होती. अंबाजोगाईला जाणार असाल तर संध्याकाळच्या आरतीलाच जा, आणि हत्तीखाना लेण्यांसाठी सकाळचा वेळ ठेवा. एवढं सगळं छान असूनही माझं लक्ष आप्पांकडे. ते सगळ्यांशी बोलत होते, हसतही होते, फक्त गाडीचा विषय कुणी काढला की देवळाच्या कळसाकडे बघत होते.

रात्रभर मी विचार केला. पडदा माझ्याशी पन्नास किलोमीटरनं खोटं बोलला, आणि पकडला गेल्यावर तीन रेघा ओढून गप्प बसला. मी बीडला पंप सोडून गेले, आणि अजून कुणाला सॉरी म्हटलेलं नाही. आप्पांनी मात्र पंपावर, चार लोकांसमोर, कुठे चुकले ते नीट मोजून सांगितलं. अशा माणसाच्या हातात गाडी द्यायची नाही, तर कुणाच्या?

सकाळी चहाच्या कपाशेजारी किल्ली ठेवली. "चला आप्पा. आणि आज मी शेजारी बसते, हिशेब मी करते."

परतीचा रस्ता तोच, पण मला नवीनच वाटला. आप्पा साठच्या वर गेले नाहीत. मागचे हॉर्न वाजवून पुढे गेले, त्यांना त्यांनी हात दाखवला. मांजरसुंब्याचा घाट उतरताना पडद्यावरची रेंज चक्क वाढत गेली. आई म्हणाली, "आता ह्याला काय झालं?" आप्पा म्हणाले, "उतार लागला की समदेच मोठं बोलत्यात." गेवराईत शिरताना दुपारचे दोन वाजले होते. दारात पोचेपर्यंत शेजारच्यांनी विचारलंच, डोळे कसे आहेत. "डोळं बरं हायत, हिशेब कच्चा निघाला," आप्पांनी मोठ्यानं सांगितलं आणि छत्तीस पूर्णांक चारची अख्खी गोष्ट रंगवून ऐकवली. माझं नाव त्यात कुठेही आलं नाही.

तुम्ही ह्या रस्त्यानं जाणार असाल, तर पडद्यावरची रेंज म्हणजे तुमचं कालचं चालवणं, हे लक्षात ठेवा. दिवा पेटला की पहिल्या पंपावर भरा, आणि पुस्तकातल्या लिटरवरून पंपवाल्याशी भांडू नका. प्रवासातलं एवढं तुम्हाला.

माझ्याकडे राहिलं ते वेगळं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी हात घातला. गाडीची दुसरी किल्ली हरवली, असं मी ऑपरेशनच्या आधी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. ती हरवली नव्हती. किल्लीवरची डाळ झटकून मी अंगणात गेले. आप्पा गाडी पुसत होते.

"आप्पा, मी पण चुकले," मी म्हटलं आणि किल्ली पुढे केली.

त्यांनी फडका खांद्यावर टाकला, किल्ली घेतली, उलटसुलट करून बघितली.

"डाळीच्या डब्यात हाय, मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"मग घेतली का नाही?"

"तू दिली नव्हती ना."