शिट्टीसरांचा पाचवा तास

शाळेत त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि घरी बायको चिडली की तीही म्हणे, "अहो शिट्टीसर, डबा राहिला." खेळाचे शिक्षक म्हणून त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. गळ्यात पितळी शिट्टी, डोक्यावर टोपी आणि बोलणं कमी. गणिताच्या बाईंना पालक भर रस्त्यात गाठत. शिट्टीसरांना भेटायला सव्वीस वर्षांत कोणी आलं नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत भिंतीला एक लाकडी फळा टेकवून ठेवलेला असे. त्यावर खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला रंगीत पुठ्ठ्याचा एकेक तुकडा. गणिताचा लाल, विज्ञानाचा निळा, भाषेचा पिवळा, खेळाचा हिरवा. शाळेचं वेळापत्रक म्हणजे हा फळा, आणि तो गणिताच्या बाईंच्या ताब्यात. परीक्षा जवळ आली की पहिला बळी हिरव्या तुकड्याचा जायचा. शिट्टीसर काही बोलत नसत. फक्त एका गोष्टीसाठी ते तरुणपणी हट्टाने भांडले होते आणि जिंकलेही होते: सातवीचा खेळाचा तास पहिलाच हवा. ऊन कोवळं असतं, पोट हलकं असतं, डोकं ताजं असतं. दुपारी जेवणावर पोरांना पळवू नये, हे ते शिकलेच होते.

मग गुडघे गेले. सकाळी उठलं की ते गंजलेल्या बिजागरीसारखे आखडलेले असत. बायको फडकं गरम करून शेकायची, वर पट्टी बांधायची, त्यावर पँट. दुपारपर्यंत ते हळूहळू मोकळे व्हायचे. पण पहिल्या तासाला उठाबशा करून दाखवायच्या कशा? एकदा सातवीसमोर ते खाली बसले आणि त्यांना उठताच येईना. मुलं बघत होती. सरांनी झटकन बुटाकडे हात नेला आणि बंद बांधल्यासारखं करत तिथेच बसून राहिले. मग कवायतीच्या खांबाला धरून कसेबसे उठले. त्या दिवशी त्यांच्या पायांत बिनबंदाचे बूट होते, हे घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

पुढचे आठ दिवस त्यांना धड झोप लागली नाही. ज्याला वाकता येत नाही त्या खेळाच्या मास्तरला कोण ठेवून घेणार? नोकरीची चार वर्षं राहिली होती.

नेमक्या त्याच सुमाराला नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी सगळं वेळापत्रक नव्याने बसवायला घेतलं आणि शिट्टीसरांना बोलावून म्हणाल्या, "सर, यातले जाणकार तुम्ही. खेळाचा तास कोणत्या वेळी असावा, ते कारणांसकट लिहून द्या."

सव्वीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. मोकळ्या तासाला मैदानाकडेच्या बाकावर बसून त्यांनी लिहिलं. मधल्या सुट्टीनंतरचा, म्हणजे पाचवा तास सर्वांत उत्तम. जेवल्यावर मुलांना सुस्ती येते, हालचालीने ती जाते, पुढच्या तासांना लक्ष लागतं. वाचताना ते इतकं पटण्यासारखं वाटलं की क्षणभर त्यांनाच खरं वाटलं. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि ती देताना मुख्याध्यापिकांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

मुख्याध्यापिकांनी तो कागद सभेत वाचून दाखवला. गणिताच्या बाई कित्येक वर्षं पहिल्या तासावर डोळा ठेवून होत्या. त्या म्हणाल्या, "चला, उशिरा का होईना, शिट्टीसरांच्या डोक्यात उजेड पडला!" सगळे हसले. शिट्टीसरही हसले.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सातवी भरल्या पोटी, भर उन्हात मैदानावर येऊ लागली. दोन फेऱ्या झाल्या की पोरं कुशीत हात दाबून उभी राहायची. एकाला नळाजवळ उलटी झाली. सरांना आतून टोचलं, पण तोंडातून निघालं भलतंच. "पोटात दगड भरून पळायला येता का? खायचं जरा कमी करा!" एकदा बोलले, मग दर वेळी बोलू लागले. वाक्य तोंडात बसलं. महिन्याभरात मुलं बरी पळू लागली. "सवय लागते हो," ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. स्वतःलाही त्यांनी तेच सांगितलं.

एका बुधवारी शिपायाने येऊन सांगितलं, "शिट्टीसर, तुम्हाला भेटायला बाई आल्यात."

"मला? गणिताच्या बाईंना असेल."

"नाही, तुमचंच नाव घेतलं."

दाराशी एक शिवणकाम करणारी बाई उभी होती. बाहीला धाग्याचे तुकडे चिकटलेले, गळ्यात माप घ्यायची फीत तशीच. सातवीतल्या पहिल्या रांगेतल्या मुलीची आई. सरांनी लगबगीने खुर्ची पुसून पुढे केली. तिने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि उघडला. भरलेला होता, घासही मोडलेला नव्हता.

"हा कालचा. मंगळवारी आणि शुक्रवारी असाच परत येतो बघा. मला वाटलं, माझ्या हातचं आवडेनासं झालं. चार तऱ्हा करून पाहिल्या. एकदा तर रागाने पाठीत धपाटाही घातला. तेव्हा कुठे बोलली. म्हणते, सर म्हणतात जेवून पळायला येऊ नका."

शिट्टीसरांनी डब्याकडे बघितलं.

"तक्रार नाही हो सर," ती घाईने म्हणाली. "तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच सांगत असणार. मी शिकलेली नाही, म्हणून विचारायला आले. किती घालू डब्यात? दोन घास चालतील? तुम्ही सांगाल तसं करते."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी विश्वासाने समोर बसलं होतं, आणि त्यांना तिच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं. "मी बघतो," एवढंच ते म्हणाले. ती आभार मानून गेली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ते सातवीच्या वर्गाकडे गेले. आजवर कधी गेले नव्हते. मुलं बाकांवर डबे समोर ठेवून बसली होती. बहुतेकांच्या डब्यांची झाकणं बंदच. सरांना बघताच सगळी उभी राहिली आणि एकजण छाती काढून म्हणाला, "सर, आज आम्ही कोणीच खाल्लं नाही!"

"मी फक्त पाणी प्यायलो, सर!"

"हा खोटं बोलतो, सर, याने एक घास खाल्ला!"

खाल्लेल्याचं तोंड चोरासारखं झालं. शिट्टीसर चौकट धरून उभे होते. "खा," ते म्हणाले. "सगळे खा. आज पळायचं नाही." त्या तासाला मुलं सावलीत बसली. सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, पाठ करून उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती पट्टी सोडत होती. तिचा हात थांबला.

"अहो, गुडघे तुमचे दुखतात आणि उपाशी ती पोरं?"

"नोकरी गेली तर?"

"जाऊ दे गेली तर. पण उद्या सांगून या. नाहीतर मीच येते."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना एकांतात गाठायचं असं ठरवून ते गेले. पण त्या शिक्षकांच्या खोलीत फळ्यासमोर उभ्या होत्या आणि शेजारी गणिताच्या बाई होत्याच. परत फिरलो तर पुन्हा धीर होणार नाही, हे सरांना माहीत होतं. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं: गुडघे, बूट, डबे, सगळं.

"मग तुम्ही लिहून दिलेलं ते?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"खोटं आहे. मला तेव्हाही माहीत होतं."

त्या म्हणाल्या, "सर, गुडघ्यांचं आधी बोलला असतात, तर उठाबशा मुलांनीच करून दाखवल्या असत्या. तुम्ही शिट्टी वाजवायची. यात नोकरी जाण्यासारखं काय होतं?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण महिनाभर लेकरांना उपाशी पळवलं, हे उमगून सरांना आपलंच अंग नकोसं झालं.

गणिताच्या बाईंनी पाचव्या तासाचा हिरवा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या, लावा." सातवीची रांग फळ्याच्या अगदी तळाशी होती. सर वाकू लागले आणि मध्येच थांबले. बाई टोमणा मारतील म्हणून त्यांनी डोळे मिटले. बाईंनी तुकडा त्यांच्या हातून घेतला, खाली बसून पहिल्या खिळ्यावरचा आपला लाल तुकडा पाचव्याला लावला आणि हिरवा पहिल्याला.

मंगळवारी पहिल्या तासाला सातवी मैदानावर उभी राहिली. शिट्टीसरांनी टोपी काढली.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. जेवण कमी करायचं नव्हतं. सकाळी मला वाकता येत नाही, ते लपवायला मी तास दुपारी नेला." पुढचं त्यांनी पाठ करून आणलं होतं, पण आठवेना.

मुलं चुळबुळली. पहिल्या रांगेतली शिवणवाल्या बाईंची मुलगी हळूच म्हणाली, "सर, ते आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्या दिवशी तुमच्या बुटाला बंद नव्हते."

कोणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि इतके दिवस कोणी बाहेर एक अक्षर बोललं नव्हतं. सरांनी शिट्टी ओठांशी नेली आणि न फुंकताच खाली सोडली.

"सर," मुलीने विचारलं, "मग आता डबा कधी खायचा?"

"सुट्टीत," शिट्टीसर खाली बघत म्हणाले. "सगळा खायचा. आणि आईला सांग, मी संध्याकाळी तुमच्या घरी येतोय. तिने डब्याचं विचारलं होतं, चूक माझी होती ते सांगायला."