वायर सैल होती

कंप्युटर बघायला भावाने बांद्याहून बोलावलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. शर्टाला बोटं पुसल्याशिवाय तो कीबोर्डला हात लावत नसे. दर वेळी वायरीचं टोक काढून फुंकायचा, परत बसवायचा आणि जिन्याकडे तोंड करून विचारायचा, "वयनीनू, दिसता काय?"

वरून माझी भावजय म्हणायची, "खंय? दिसणा नाय!"

वाटणीत माडी भावाला गेली, तळमजला मला. दोन्हीकडचे कंप्युटर एका वायरीने जोडलेले. बाबांचे सगळे फोटो माझ्याकडे होते आणि आई वर गेली की भाऊ ते तिला दाखवायचा. पुढे आई कायमची वर राहायला गेली. त्या रागात मी त्या फोल्डरचं शेअरिंग बंद केलं आणि ते आपोआप बिघडलं म्हणून सांगितलं.

त्या माणसाला ते सापडलं. हळूच म्हणाला, "काकानू, ही टिक आपसूक जाणा नाय."

त्याने टिक केली, मग वायरीचं टोक उगाच दाबत वर ओरडला, "वायर सैल होती!"

वरून आईचा आवाज आला, "ह्येंचो फोटो इलो गो!"

भाऊ अजून त्या वायरीला शिव्या घालतो. वायर चांगली होती.