धुराची आणि गोडवाली

काल नातवाने व्हिस्कीची बाटली उघडली आणि ओल्या गोवऱ्यांच्या धुराचा तोच जुना वास आला. "आजी, तुला त्रास होईल, आत बस," तो म्हणाला. मी हलले नाही.

वाशीमला सून होऊन आले तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. माझे यजमान वकील. रविवारी दुपारी ते मित्रांसोबत विलायती बाटल्या मांडून बसत, घोट घोट चाखत आणि सरस कोणती यावर भांडत. ग्लास मी धुवायचे, त्यामुळे प्रत्येकीचा वास मला पाठ होता. एकदा वाद मिटेचना. मी सरळ बैठकीत गेले आणि दोन ग्लासांतला घोट घेतला.

"ही धुराची. ही मोहफुलावानी गोड. गोडवाली सरस."

"काहून पेली वं तू?" यजमान ओरडले.

"तुमी काहून पेता?"

त्या काळी याला बेशरमपणा म्हणत. मी आजही चव घेणंच म्हणते.

सासूबाईंनी हाताला धरून मला माजघरात नेलं. आता मार बसणार, असं वाटलं. त्यांनी दार लोटलं आणि वाटी पुढे केली.

"गोडवाली आन. मले बी पाहू दे."

मी पुन्हा बैठकीत गेले. या वेळी बाटलीच उचलली.