भरलेली गाडी सोडायची नाही

माझा थोरला भाऊ तेजाबाचा टँकर चालवतो. ॲसिडला आमच्याकडे तेजाबच म्हणतात. मी देवासच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तो धारला राहायचा, आईजवळ. दहावीनंतर ट्रकवर चढला तो उतरलाच नाही, लग्नही केलं नाही. आमचे पणजोबा दरबारच्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. त्यावर दादा म्हणायचा, "आपण पहिल्यापासून वाहतूक खात्यातलेच."

बरीच वर्षं धान्य आणि सिमेंट वाहिल्यावर त्याला टँकरवर काम मिळालं. असला धोक्याचा माल न्यायचा तर तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. वर्गात शिकवलेलं त्याच्या डोक्यात राहीना. रविवारी मी धारला गेले की तो हिंदी पुस्तिका माझ्यापुढे टाकायचा. "तू सवाल विचार, मी सांगतो. शाळेतल्या पोरांना विचारतेस तसंच."

आम्ही स्वयंपाकघरात बसायचो. आई मेथी निवडत असायची.

"तेजाब गळायला लागलं तर उभं कुठे राहायचं?"

"वारा पाठीवर येईल असं."

"त्यावर पाणी का ओतायचं नाही?"

"उकळतं, उडतं. कोरडी माती टाकायची."

"भरलेली गाडी वाटेत थांबवावी लागली तर?"

"वस्तीपासून दूर. हँडब्रेक. चाकाखाली दगड."

"आणि?"

तो छताकडे बघत राहिला. आई मान वर न करता म्हणाली, "आणि गाडी सोडून जायचं नाही. जाणता माणूस जवळ पाहिजे."

आम्ही दोघं हसलो. आई मराठी चौथी शिकलेली. पुस्तिकेतली जड हिंदी तिला वाचून कळली नसती, पण नुसतं ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. दादा म्हणाला, "परीक्षेला हिलाच पाठवू या."

पास झाल्यावर मात्र त्याने ते नियम कसोशीने पाळले. गळती झाली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा याचं कार्ड तो दरवाजाच्या कप्प्यात ठेवायचा आणि नव्या क्लीनरला वाचून दाखवायचा. एकदा तो भरलेला टँकर घेऊन देवासकडेच निघाला होता, तरी त्याने मला बरोबर घेतलं नाही. "भरलेल्या गाडीत सवारी बसवत नाहीत," म्हणाला. मी बसने गेले, रस्ताभर फणफणत.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. आईच्या छातीत दुखतंय, तिला अस्पतालात नेलंय. दादा पहाटेच मनावर या गावाकडे माल घेऊन गेला होता. मी शाळेतून तशीच निघाले आणि दुपारी बाराच्या सुमारास धारला पोचले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बेटे को बुला लीजिए."

मी दादाला फोन लावला. त्याच्या मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता. खालच्या व्हॉल्व्हच्या जोडातून तेजाब ठिबकायला लागलं होतं. मनावरच्या अलीकडे, एका गावाबाहेर, तो थांबला होता. पोलिसांना कळवलं होतं, कारखान्यातून रिकामा टँकर आणि पंप निघाला होता.

"आईचं कसं आहे?" त्याने विचारलं.

"बरं नाही. तू ये."

"गाडी रिकामी झाली की निघतो."

मी आत गेले. आईच्या नाकाला नळी होती, पण ती शुद्धीवर होती. तिने विचारलं, "तो कुठंय?"

"रस्त्यात अडकलाय. टँकर गळतोय."

"भरलेला?"

"हो."

ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग त्याला येता यायचं नाही. तू त्याला घाबरवू नकोस."

हे तिचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं.

मी व्हरांड्यात आले आणि दादाला पुन्हा फोन केला. तिथे मी एकटी होते. डॉक्टर दर थोड्या वेळाने येऊन माझ्याकडे बघून जात होते. मला कुणीतरी जवळ हवं होतं. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

"दादा, आई तुला बोलावतेय," मी म्हणाले. "सारखं तुझंच नाव घेतेय."

पलीकडे तो कुणाला तरी मागे सरायला सांगत होता.

"क्लीनरला उभा कर तिथे. दोन तासांचा रस्ता आहे."

"तो धान्याच्या ट्रकवरून आजच आलाय. त्याला काही माहीत नाही. आज इथे हाट आहे, बाजाराची माणसं येताहेत गं."

"आई मरतेय आणि तू टँकर राखत बस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आई पावणेचारला गेली. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडतो. नातेवाईकांनी दादासाठी थांबू दिलं नाही. चुलतभावाने अग्नी दिला. दादाने फोनवर एवढंच म्हटलं, "ठीक आहे. करा."

गाडी रिकामी करून दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. शर्टाला भोकं पडली होती, डाव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. घर माणसांनी भरलेलं होतं. तो दारात चपला काढत होता तेवढ्यात मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कशाला आलास?" त्याने चपला नीट बाजूला ठेवल्या आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

दहाव्याच्या दिवशी तो क्लीनर आला. पन्नाशीचा, साधा माणूस. दादा घाटावर गेला होता. चहाचा कप हातात धरून क्लीनर मला सांगू लागला. त्या दिवशी गावातले लोक बादल्या भरून पाणी घेऊन धावले होते. दादाने ते अडवले, माती टाकून घेतली, झाडाच्या फांद्या आडव्या टाकून रस्ता बंद केला. एक बाई कडेवर पोर घेऊन अनवाणी त्या ओघळाकडे निघाली होती, तिला ओढताना दादाच्या हातावर तेजाब उडालं. "भिया फोन के बाद रोते जा रहे थे," तो म्हणाला, "और लोगों को हटाते जा रहे थे. मैंने बोला आप जाओ. बोले, तू नहीं सँभाल पाएगा."

त्याच संध्याकाळी मी दादाला खरं सांगायला हवं होतं. मी त्याच्यासमोर जाऊन उभीही राहिले. "काय गं?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "जेवायला चल."

मग वर्ष गेलं. तो कमी बोलू लागला. आईच्या फोटोला हार तो घालायचा, पण फोटोकडे बघायचा नाही. मला ते दिसत होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी गुरुजी गेल्यावर आम्ही दोघंच पाठच्या अंगणात होतो. तिथे मी सांगितलं. आई काय म्हणाली होती ते सांगितलं, आणि मी काय म्हणाले होते तेही.

"म्हणजे तिने बोलावलं नव्हतं?"

"नाही."

"माझं नाव घेत नव्हती?"

"तुला घाबरवू नकोस म्हणाली."

तो अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसला. म्हणाला, "आठवड्यातून दोनदा मी त्या रस्त्यावरून जातो. दर वेळी मला वाटतं, ती हाक मारतेय." मग त्याने विचारलं, "दहाव्याला तरी का नाही सांगितलंस?"

तो रागावला नाही. रागावला असता तर मी काहीतरी बोलले असते.

महिन्याभरात त्याने धारच्या घराला कुलूप लावलं आणि कारखान्याजवळ एक खोली घेतली. फोन केला तर उचलतो, तब्येत विचारतो.

यंदा भाऊबीजेला तो देवासला आला. मी ओवाळलं, त्याने साडी दिली, शाळेचं कसं चाललंय विचारलं. त्याच्या आवडीचा सगळा स्वयंपाक मी सकाळपासून केला होता. दोन घास खाऊन त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. "भूक नाही गं," म्हणाला. आई असती तर तिने त्याला उठू दिलं नसतं. मला त्याला आग्रह करायचं धाडस झालं नाही.