झोर्काचं व्रत

झोर्कानं सिगारेट सोडली यावर आमच्या जिन्यातल्या कुणाचाच विश्वास नव्हता. ल्युबुश्की गावच्या शिलाई कारखान्यात तीस वर्षं तिनं शर्टांच्या कॉलर शिवल्या आणि मधल्या प्रत्येक सुट्टीत धूर काढला. आता ती पेन्शनवर होती.

यंदा पाकीट पुन्हा महागलं. वरच्या मजल्यावरच्या औषधदुकानवाल्या दानियेलाला त्याचं काहीच नव्हतं. किंमत न बघता ती दोन-दोन पाकिटं पर्समध्ये टाकायची. म्हातारा याकोव बाजारात कापडाखाली ठेवून विकतात तो सुटा तंबाखू आणून कागदात वळायला लागला. झोर्कानं मात्र राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे उपास सुरू होतात त्या दिवशी, जाहीर केलं, "देवाला बोललेय. ईस्टरपर्यंत ओढणार नाही."

उपासाच्या दिवसांत बायका असं काही सोडतातच. तरी तिची भावजय लुत्सा रोज कॉफीला यायची ती पडदे हुंगत.

"वन्सं, डॉक्टर काही बोलले का? छातीचा फोटो काढलात?"

"तुझाच काढ. लबाडीचा डाग दिसेल."

"मग याकोवकडून गुपचूप घेता वाटतं!"

"त्याच्या तंबाखूला बोकडाचा वास येतो. तुझ्या नाकातून सुटला असता होय?"

संशय मलाही होता, पण वेगळा. जेवणाआधी क्रूसाची खूण करायला विसरणारी ही बाई देवाला कधी बोलली? मग एकदा दुकानात ती दिसली. पाकिटाची किंमत तिनं वाचली, पर्सची चेन पुन्हा लावली आणि नुसता पाव घेऊन गेली. देवाच्या नावाखाली तंगी झाकणं मला रुचलं नाही. मी गप्प राहिले, एवढंच.

ईस्टरच्या सकाळी आम्ही सगळे तिच्याकडे जमलो. लुत्सानं कोरं पाकीट टेबलावर ठेवलं.

"व्रत संपलं वन्सं. ओढा आता, माझ्याकडून."

झोर्काचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला.

"आणि उद्याचं कोण देणार? तू?" ती म्हणाली. "मला परवडत नाही, लुत्सा. व्रतबित काही नव्हतं."

लुत्सानं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, जणू हेही खरं नसावं, आणि पाकीट उचलून घेतलं.

सगळे गेल्यावर मला राहवेना.

"झोर्काताई, देवाच्या नावानं खोटं बोललात?"

"त्याला खरं ठाऊक होतं गं. खोटं तुमच्यापाशी बोलले."

तिनं मला आणखी कॉफी ओतली. हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना, मग तिनं ते मांडीखाली दाबून धरले.