एका नावाएवढी जागा

खटक-खुस, खटक-खुस. पाठीवरच्या पितळी फवारणी पंपाचा हा आवाज मी लहानपणी उटनूरला, मला पंपदुरुस्ती शिकवणाऱ्या उस्तादांच्या दुकानात पहिल्यांदा ऐकला. पंप उघडण्याआधी उस्ताद त्याला कान लावून बसत. "आधी ऐकायचं, मग पाना घ्यायचा," म्हणत.

पुढे बाजारहत्नूरला माझं स्वतःचं दुकान झालं. पंप उघडला की शेतकरी अर्धा तास बाकावर अडकतो. मी येशूचा माणूस, तेवढ्या वेळात त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतो. सावकाश बोलतो, म्हणून दोनच होतात. डब्यात जुने वॉशर साचावेत तसे या बाकावरचे किस्से माझ्याकडे साचले आहेत.

बरेचसे देवरावचे. देवराव माझ्याच वयाचा. दुकानामागे त्याचं कपाशीचं शेत. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं, आमचा प्रभू पाण्यावर चालला.

देवराव म्हणाला, "शामू, तो पाण्यावर चालला ते ठीक हाये. माझा पंप पाणी टाकूनही चालून नाई राह्यला, आधी त्याचं पाह्य."

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सक्रूबाई आहे, भाजी विकते. डोळ्यात मोतीबिंदू, पण ऑपरेशनला तयार नाही. एकदा देवरावने तिला बाजारात छेडलं, "बाई, तुमचा देव तुमाले दिसते का?"

"मले तर तूही दिसत नाई," सक्रूबाई म्हणाली. "पन वांगे दाबून पाहून राह्यला, ते समजते. ठेव खाली."

मग मंचेरियलहून आम्हाला नवा पास्टर आला. तरुण, मनाचा चांगला, बोलणं मात्र नळासारखं. पांढराशुभ्र शर्ट घालून तो देवरावच्या बांधावर गेला आणि म्हणाला, "काका, येशू तुमचं ओझं उचलायला तयार आहे."

देवरावने भरलेला सोळा लिटरचा पंप त्याच्या पाठीवर चढवला. "तो येईपर्यंत तुमी उचला. या तीन तासा हायेत."

पास्टरने कपाशीच्या तिन्ही ओळी फवारल्या. परत आला तेव्हा शर्ट पिवळा आणि तोंड बंद. देवरावची बायको कौसावहिनी बांधावर चहा घेऊन उभी होती. हसून हसून तिने अर्धा चहा सांडला. मग त्याला साबण दिला, कपडे बदलायला देवरावचा सदरा दिला आणि नवऱ्याला म्हणाली, "लेकरू हाये ते. लाज वाटू द्या." पास्टर अजून सांगतो की, या गावात त्याचं पहिलं प्रवचन तेच.

तीच कौसावहिनी मागच्या पावसाळ्यात गेली. तीन दिवसांचा ताप, बस.

आम्ही भेटायला गेलो. पास्टर बोलला, आणि तेच चुकलं. "देवाची इच्छा," तो म्हणाला.

देवराव माझ्याकडे वळला. "शामू, तुह्या देवाले तिची गरज होती का? मले नव्हती? त्याच्यापाशी आमच्या घरचं नाव घ्यायचं नाई. ना माझं, ना तिचं. शब्द दे."

मी शब्द दिला.

पास्टर रस्त्यात रडला. "मामा, मी पुन्हा तोंडच उघडणार नाही," म्हणाला. सक्रूबाई म्हणाली, "एवढंही नको. अर्धं उघड."

नंतर देवरावचं बोलणं आटलं. घरी कोणी नाही. भांडायचा तेव्हा मला काळजी नव्हती. आता वाटायचं, हा माणूस असाच आत आत बुजून जाईल.

पण दर शनिवारी तो पंप घेऊन यायचा. म्हणायचा, "गळून राह्यला." मी कान लावायचो. पंपाला काही झालेलं नसायचं. तरी सगळा उघडायचो, पुसायचो, परत बसवायचो. अर्धा तास जायचा. एका शनिवारी मी विचारलं, "कुठून गळते?" तो म्हणाला, "तू मिस्त्री हायेस ना? शोध."

आमची रविवारची उपासना दुकानातच असते. पंप भिंतीला सरकवतो आणि तरटपट्टीवर ओळीने बसतो. शेवटी एकेकाची पाळी येते. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव घ्यायचं, सगळे आमेन म्हणतात. नाव घ्यायचं नसेल तर "पुढे" म्हणायचं. पास्टर एकटाच वीस नावं घ्यायचा. शेवटी सक्रूबाईने त्याला सांगितलं, "बाबू, देवाले यादी पाठ हाये."

मी शब्द दिलेला. माझी पाळी आली की मी नाव घेत नाही, "पुढे"ही म्हणत नाही. एक नाव मावेल एवढा वेळ गप्प बसतो. मंडळी आमेन म्हणते. कोणी कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी उपासना चालू असताना देवराव पंप न्यायला आला. शनिवारी उशीर झाला म्हणून दुकानातच ठेवून गेला होता. पंप आमच्या मागे भिंतीशी. चप्पल काढून तो ओळीच्या टोकाला, सक्रूबाईशेजारी टेकला.

माझी पाळी आली. मी गप्प बसलो. सगळे म्हणाले, "आमेन."

देवरावला हसू आलं. किती महिन्यांनी. "काऊन बे शामू, नाव इसरला का?"

सक्रूबाई म्हणाली, "इसरत नाई तो. कोनाले तरी शब्द देऊन बसला हाये. दर रविवारी असाच बसते."

देवरावचं हसू गेलं.

ओळ पुढे सरकली. सक्रूबाईने आपल्या नातवाचं नाव घेतलं. मग टोकाला देवरावच उरला. पास्टरने तोंड उघडलं आणि मिटलं. मी हळूच म्हणालो, "तुले नाव घ्या लागत नाई, देवराव. नुसतं 'पुढे' म्हन."

देवराव "पुढे" म्हणाला नाही. मान खाली घालून बसून राहिला. एक नाव मावेल एवढा वेळ. मग आणखी थोडा.

"आमेन," सक्रूबाई म्हणाली. आम्हीही म्हणालो.

देवराव उठला. दांडी वाजू नये म्हणून हाताने धरून त्याने पंप उचलला, चपला घातल्या आणि शेताकडे निघून गेला.